मराठी सिनेमा थेटरात बघायचाय?

पहिल्याच शनिवार-रविवारी बघ. 'गर्दी ओसरू दे, मग जाऊ' म्हणत बसलीस, तर दुसऱ्या आठवड्यात उरतो तो सकाळचा नाहीतर अपरात्रीचा शो, तोही गावाच्या दुसऱ्या टोकाला. परीक्षणं आधी वाचू नकोस. ट्रेलरही एकदाच, हल्ली त्यातच अर्धी गोष्ट सांगून मोकळे होतात.

कोणासोबत बघतेस यावर मात्र बरंच ठरतं. २०२३ च्या पावसाळ्यात 'बाईपण भारी देवा'ला बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून घोळक्याने यायच्या. पडद्यावर मंगळागौर रंगली की पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत यांच्या फुगड्या! एकटीने दुपारी पाहिला असता तर मला तो लांबलेलाच वाटला असता, खरं सांगते. गंभीर सिनेमाला उलट एकटीच जा. शेजारी 'आता काय होणार गं?' विचारणारी मावशी नको.

लिहायचं असेल तर परतताना रिक्षात जे दृश्य आठवेल, त्यावर लिही. कथा सांगत बसू नकोस, ती पोस्टरवरही कळते. आणि पॉपकॉर्न घ्यायचेच तर सुरुवातीला घे. मध्यंतरातल्या रांगेत उत्तरार्धाची पहिली पाच मिनिटं हमखास जातात.