नवी मुंबईत रो-हाऊसच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्यांचं वर्कशॉप करायचं आहे. खड्डा घ्यावा का? एकूण खर्च किती येईल?

तुम्ही लिहिलंय की सानपाड्याला रो-हाऊस आहे, खाली एका गाडीचं गॅरेज आहे, आणि गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून मधोमध खड्डा घ्यायचा विचार आहे. खर्चाचं नंतर बोलू. खड्डा घेऊ नका.

मी वाशीत राहतो. आमच्या गॅरेजात २००९ च्या मे महिन्यात आठ फूट लांब, तीन फूट रुंद, पाच फूट खोल खड्डा खणला. २०१४ मध्ये मी तो बुजवला. मधल्या पाच वर्षांत जे गेलं ते अजून पूर्ण भरून आलेलं नाही.

गाडी बाबांची, १९६७ ची फियाट डिलाईट. लोक अकराशे म्हणतात, इंजिन १०८९ सीसीचं. स्टिअरिंगला गिअर, पुढे बसायला सलग बाक. बाबांनी ती कधी विकली नाही, आणि त्यांच्या निवृत्तीनंतर मी आणि थोरल्या भावाने ती पूर्ण उघडून नव्याने बांधायची ठरवली. दादाने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, नोकरी पुण्यात, शनिवार-रविवार वाशीला यायचा. पुण्याच्या गॅरेजांत त्याने खड्डे पाहिलेले, म्हणून खड्ड्याशिवाय वर्कशॉप ही कल्पनाच त्याला पटेना.

आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणारे जुहूगावचे एक आगरी मिस्त्री होते. त्यांना बोलावलं. त्यांनी लादी काढून पहारीने दोन फूट उकरलं आणि वर आलेला करडा, चिकट चिखल हातात घेऊन दादाला दाखवला. म्हणाले, "इथं आमच्या आज्याचं खाजण होतं. भरतीचं पाणी यायचं. मी खणणार नाय." घसघशीत काम समोर असताना ते नको म्हणून निघून गेले. दादाने दुसरा माणूस आणला. वीट बांधकाम, तळाला चार इंच काँक्रीट, आतून वॉटरप्रूफिंगचा गिलावा. भिंतीत दोन कोनाडे ठेवले, सुटे भाग ठेवायला. मी तेव्हा गप्प बसलो, हे मला आजही लागतं.

पहिले दोन पावसाळे नुसती ओल. तिसऱ्या वर्षी जुलैत अमावास्येच्या सुमारास दोन दिवस धो-धो पाऊस झाला. रस्त्यावर घोटाभरही पाणी नव्हतं, गॅरेजच्या दारातून थेंब आत आला नव्हता, आणि सकाळी शटर उघडलं तर खड्डा काठापासून हातभर खाली भरलेला. पंप लावून उपसला, संध्याकाळपर्यंत पुन्हा तेवढाच. बोट बुडवून चाखलं, तर खारट. कोनाड्यात गिअरबॉक्स होता, नव्या बेअरिंगा घालून बंद केलेला. डायनॅमो होता, रिवाइंड करून आणलेला. पुढच्या सस्पेन्शनचे दोन्ही हात होते. खाऱ्या पाण्यात दोन दिवस. गिअरबॉक्स उघडला तेव्हा बेअरिंगांवर गंजाची बारीक खडी पडली होती, गिअरचे दात तांबूस. बाबा स्टुलावर बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त गिअर लिव्हरचा दांडा फडक्याने पुसत राहिले.

दादाचं म्हणणं तेव्हा एकच होतं आणि आजही आहे: वॉटरप्रूफिंग नीट झालं नाही. दर भाऊबीजेला हा विषय निघतो. तर आता त्याचं उत्तर इथेच लिहितो, म्हणजे तुमचंही काम होईल.

वाशी, सानपाडा, नेरूळ हा बराचसा भाग खाजणावर भराव टाकून उभा राहिला आहे. उधाणाच्या भरतीला इथली जमीन खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली जाते. म्हणून तर सिडकोने धारण तलाव बांधले. भरती आली की झडपा बंद होतात, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपा उघडल्या की खाडीत जातं. भरती आणि मुसळधार पाऊस एकदम आले की जमिनीखालचं पाणीही वर चढतं. ते दारातून येत नाही, तळातून येतं. गिलावा आतल्या बाजूने लावलेला, पाणी बाहेरून ढकलतंय, म्हणजे ते गिलावा सोलूनच काढणार.

बरं, दादा म्हणतो तसं अगदी निर्दोष वॉटरप्रूफिंग झालं असं धरू. आठ गुणिले तीन गुणिले पाच म्हणजे १२० घनफूट, जवळजवळ ३.४ घनमीटर. पाणी लादीपर्यंत चढलं तर त्या रिकाम्या डब्याला खालून सुमारे ३,४०० किलोचा उचल बसतो. फियाट नऊशे किलोच्या आसपासची. चार फियाट खालून वर ढकलतायत असं समजा. चार इंचाचं साधं काँक्रीट हे सोसत नाही, त्याला तडा जातोच, आणि आमच्या तळाला बरोबर मधोमध तडा गेला होता. हे सोसायचं तर सळया घालून जाड आरसीसीची टाकी बांधावी लागते, तीही तरंगणार नाही इतकी जड. एका गाडीच्या गॅरेजात, शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीच्या पायाला लागून, कोण करणार ते? पुण्यात खाली मुरूम आणि काळा कातळ आहे. दादा, पुण्याचा खड्डा वाशीत चालत नाही.

दुसरं कारण तर सानपाडाच काय, कुठेही लागू आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. टाकी उतरवली, कार्बोरेटर उघडला की ती वाफ खड्ड्यात जाऊन बसते, आणि आपण तिथेच हातात दिवा घेऊन उभे. ग्राइंडरची एक ठिणगी पुरते.

मग काम कसं करायचं? गाडी वर घ्यायची. चांगले जॅक स्टँड घ्या, ज्याला मिस्त्री घोडी म्हणतात, चार घ्या, आणि नुसत्या जॅकवर कधीही गाडीखाली जाऊ नका. विटा, सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते न सांगता फुटतात. काढलेली चाकं गाडीखाली सरकवून ठेवा. चाकं लावलेली फळी घेऊन आडवं पडून काम करायची सवय आठवड्यात होते. दोन खांबांच्या लिफ्टला अकरा-बारा फूट उंची लागते, रो-हाऊसच्या गॅरेजात ती नसते. फियाट तेरा फूट लांब आणि पाच फुटांना जरा कमी रुंद. आमचं गॅरेज नऊ बाय अठराचं आहे, दोन्हीकडे दोन-दोन फूट मिळतात, तेवढं पुरतं.

खर्चाचं म्हणाल तर निम्मे पैसे गॅरेजची लादी आणि विजेवर घाला, हत्यारं हळूहळू जमवा. रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं की आपलं जोतं खाली जातं, म्हणून गॅरेजची लादी आधी उचलून घ्या. मीटरपासून वेगळी लाइन, ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि खरोखरचं अर्थिंग. त्याशिवाय कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंगला हात लावू नका. लेथचं काम वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेला होतं, जुने भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. आमचा दुसरा गिअरबॉक्स तिथेच मिळाला, सात-आठ फेऱ्यांनंतर. रंग घरी मारू नका, थिनरचा वास आणि आग दोन्ही शेजाऱ्याच्या घरात शिरतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असतं, त्यावर हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि जुनं रबर खराब करतं. पेट्रोलचे पाइप बदला आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा. वापरलेलं ऑइल गटारात ओतू नका. ते धारण तलावातून थेट खाडीत जातं, फ्लेमिंगोंच्या पायांत.

काही गोष्टी राहिल्या. तुमचं घर सानपाड्याऐवजी खारघरच्या डोंगराकडे किंवा ठाण्यात येऊरच्या पायथ्याला असतं, तर पाण्याचा मुद्दा वेगळा असता, वाफेचा तोच राहिला असता. ज्यांची जागा इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग आहे त्यांनी हे वाचून उत्साहाने कामाला लागू नये. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की ते गॅरेज नव्हे, ती सगळ्यांची सामाईक जागा आहे. लोकांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करणार असाल तर तो धंदा झाला, निवासी जागेत त्याची परवानगी आधी बघा. आणि रात्री दहानंतर हातोडा बंद. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमाने व्हिंटेज नोंदणी होते, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए'. पण मग ती रोज चालवता येत नाही, आणि मूळ रूप बदललेलं चालत नाही.

खड्डा आधीच खणून झाला असेल तर बुजवा. तळाला भोकं पाडा, नाहीतर आत टाकी तशीच राहते. आम्हाला दीड ब्रास, म्हणजे दीडशे घनफूट मुरूम लागला, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुम्मस, वर जाळी टाकून सहा इंच काँक्रीट. तेव्हा त्याच जुहूगावच्या मिस्त्रींना बोलावलं आणि ते आले.

गाडी कोणती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. फियाट असेल तर माझ्याकडे किंगपिनचा, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळ्यांचा, एक नवा सेट ग्रीस लावून ठेवलेला आहे. येऊन घेऊन जा, पैसे नकोत.