टॅनग्रामच्या तुकड्यांतून देवनागरी अक्षर जुळवून ट्रेडलवर छापता येईल का?

गावच्या वाचनालयाच्या पत्रिकेवर टॅनग्रामचं, म्हणजे एका चौकोनाच्या सात ठरावीक तुकड्यांतून आकार जुळवायच्या खेळाचं, एक मोठं अक्षर छापायचंय, कोणतं घ्यावं आणि ठसा कसा करावा, असं तुम्ही विचारलंय. दारव्ह्याकडे लग्नपत्रिकांच्या छापखान्यात मी बरीच वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले, आणि हा खेळ ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, करूनही पाहिलाय. माझं उत्तर: ‘ब’ घ्या. सातही तुकडे लागतात आणि एकही उरत नाही.

छोट्या चौकोनाची बाजू 2 सेंटीमीटर धरा. दोन मोठे त्रिकोण तिरक्या बाजूने समोरासमोर ठेवले की 4 बाय 4 चा चौकोन होतो, हे ‘ब’चं पोट. दोघांच्या मध्ये 6 पॉइंटची (सुमारे 2 मिलिमीटर जाड) शिशाची पट्टी घाला. पट्टी खिळ्यांपेक्षा बुटकी असल्यामुळे छापत नाही, तेवढी जागा पांढरी राहते आणि ‘ब’च्या पोटातली रेघ आपोआप मिळते. ती नसेल तर लोक ‘व’ वाचतील. मधल्या आकाराच्या त्रिकोणाची लांब बाजू बरोबर 4 सेंटीमीटर भरते. तो पोटाला डावीकडून चिकटवा, म्हणजे पोटाला गोलाईचा भास येतो. उरले दोन छोटे त्रिकोण, समांतरभुज आणि चौकोन. त्रिकोण, समांतरभुज, त्रिकोण आणि खाली चौकोन असे एकावर एक लावले की 2 बाय 6 चा काना उभा राहतो. पोट कान्याच्या वरच्या टोकापासून 1 सेंटीमीटर खाली धरा.

शिरोरेखा मात्र तुकड्यांतून काढायला जाऊ नका. टॅनग्राममध्ये लांब पट्टी नाहीच. पितळी रूल, म्हणजे रेघ छापायची पट्टी, लावा, बारीक असली तरी चालेल. खिळ्यांच्या देवनागरीत शिरोरेखा खिळ्याखिळ्याने तुटक येते, तिच्यापेक्षा ही सलग रेघ कितीतरी देखणी दिसते.

आता खरी अडचण. छपाईत सगळं उलटं जुळवावं लागतं. सातपैकी सहा तुकडे नुसते फिरवले तरी आरशातल्यासारखे बसतात. समांतरभुज बसत नाही, तो पालथाच करावा लागतो. माझा पहिला ठसा इथेच बिघडला. मी लाकडावर लिनोलियम चिकटवून तुकडे कापले होते, त्यामुळे छापणारी बाजू एकच. समांतरभुज कान्यात बसला, पण कागदावर त्याचा तिरकेपणा पोटातल्या रेघेच्या उलट दिशेला गेला. दोन्ही तिरक्या एका दिशेला, डावीकडून खाली उजवीकडे उतरल्या पाहिजेत. नाहीतर काना वेगळ्याच अक्षराचा वाटतो. तेव्हापासून मी तुकडे अख्ख्या सागवानातून कापतो आणि दोन्ही बाजू रंधून घेतो. मग कोणताही तुकडा पालथा करता येतो.

लाकूड चौकटी करणाऱ्या सुताराकडे मिळेल, उरलेल्या फळीत काम होतं. उंची 23.3 मिलिमीटर हवी, पण टेपवर विसंबू नका. छापखान्यातला एक खिळा शेजारी उभा करा आणि दोघांच्या डोक्यावरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली नाही तर उंची बरोबर. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कडेवरून पॉलिश पेपरचा एकच हलका हात फिरवा, म्हणजे तुकड्यांमध्ये केसाएवढी पांढरी रेघ उमटते आणि पाहणाऱ्याला सात तुकडे मोजता येतात. माझ्या मते या छपाईची सगळी गोडी त्या रेघांत आहे.

फर्मा, म्हणजे चौकटीत बसवलेली सगळी जुळणी, आवळताना तिरक्या कडा सरकतात. मधल्या त्रिकोणाच्या वर आणि खाली रिकामे राहणारे कोपरे छोट्या त्रिकोणाच्याच मापाचे असतात. तसे दोन त्रिकोण जास्तीचे, पण 5 मिलिमीटर बुटके कापून तिथे बसवा. शिशाच्या पट्टीने पोट दीड मिलिमीटर फुगतं, तेवढं बाकीच्या बाजूंनी पुठ्ठ्याने भरून काढा.

एखादा तुकडा फिका उमटला तर त्याच्या बुडाखाली पतंगाच्या कागदाचा तुकडा लावा, शाई वाढवू नका. नवं लाकूड शाई पितं, म्हणून पहिल्या काही प्रती रद्दी कागदावर काढा आणि काळा रंग सगळीकडे सारखा बसला की मगच पत्रिकेचा कागद लावा.