पानाची मागची बाजू

"मुलगा पाच वर्षांचा आहे, आम्ही घरीच शिकवतो. रोज वाचून दाखवते. पण वाचून झाल्यावर 'काय झालं गोष्टीत, सांग बरं' म्हटलं की तो 'माहीत नाही' म्हणतो. वहीचं पान तर अर्ध्यावर टाकून उठतो. त्याचं काही चुकतंय की माझं? या वयात त्याच्याकडून किती सांगून घ्यायचं आणि वहीची किती पानं करून घ्यायची?"

होमस्कूलिंग करणारे पालक समुपदेशनाला येतात तेव्हा शब्द थोडे बदलतात, पण काळजी हीच असते. ती इतक्या वेळा ऐकली आहे की एका आईची हकीकत इथे मांडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पाच-सहा भेटींमधलं मोजकंच बोलणं ठेवलं आहे.

पहिल्या भेटीला ती जाडजूड फाइल घेऊन आली. तीन महिन्यांची 47 पानं. प्रत्येक पानावर वर रंगवायचं चित्र, मध्ये ठिपक्यांवरून गिरवायचे शब्द आणि खाली 'आज मी काय शिकलो' अशा दोन ओळी. त्या ओळी आईनं सांगायच्या आणि मुलानं लिहायच्या. एका पानाला पाऊण तास लागायचा, त्यातला बराचसा रडण्यात जायचा. शिवाय दिवसातून दोनदा नॅरेशन, म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं.

"दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या बघितल्या की धस्स होतं," ती म्हणाली. "आणि आजोबा दर आठवड्याला फोनवर विचारतात, वही दाखव."

आजोबांचं हे वाक्य मी बाजूला लिहून ठेवलं.

तिनं आकडा मागितला होता, तो आधी देऊन टाकला. पाचव्या वर्षी मागून घेतलेलं नॅरेशन शून्य. वहीचं पान आठवड्याला एक, मूल स्वतः मागे लागलं तर दोन. स्वतःच्या हातानं लिहिणं म्हणजे आपलं नाव किंवा आवडीचा एखादा शब्द, तोही दोन-तीन मिनिटं. बसून करायचं सगळं काम मिळून दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, आणि तीही सलग नकोत.

ऐकून तिचा चेहरा पडला. हे नेहमी होतं. आकडा ऐकून सुटका वाटेल असं आपल्याला वाटतं, पण पालकाला वाटतं की आपल्या मुलाकडून अपेक्षाच सोडून दिली. म्हणून कारणं सांगावी लागतात.

नॅरेशनला शिक्षणात मानाचं स्थान दिलं ते ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांनी (1842–1923). पण सहा वर्षांच्या आतल्या मुलाला सांगायला भाग पाडू नये, असंच त्यांचंही म्हणणं होतं. सहाव्या वर्षानंतर तोंडी सांगणं सुरू होतं आणि लेखी नॅरेशन साधारण नऊ-दहा वर्षांनंतर येतं. आज ही पद्धत घरोघरी पोचली, मात्र वाटेत वयाची अट गळून पडली.

पाच वर्षांचं मूल गोष्ट सांगताना बहुधा ऐन रंगात थांबतं. कावळ्यानं खडे टाकले, पाणी वर आलं, संपलं! कावळा पाणी प्यायला की नाही, हे त्याला सांगावंसं वाटत नाही. सगळं 'मग... मग... मग' असं जोडलेलं असतं. शेवटापर्यंत नेलेली, कारणं जुळवलेली गोष्ट सहाच्या पुढेमागे येऊ लागते. तेव्हा अर्धवट सांगणं हा या वयात दोष धरायचा नाही.

हाताचंही तसंच आहे. वर्तुळ बघून काढणं तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमतं, अधिक चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचार-पाचच्या आसपास, त्रिकोण त्यानंतर. तिरक्या रेघा सगळ्यांत उशिरा येतात. पत्त्यांमधल्या चौकटचा आकार बऱ्याच मुलांना सहा-सातपर्यंत साधत नाही. अक्षरात वळण, गाठ, तिरकी रेघ हे सगळं एकाच वेळी लागतं. त्यात काय लिहायचं ते आठवायचं, ओळ सांभाळायची. तीन कामं एकदम अंगावर आली की मूल उठून जातं आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

तिला हे पटलं होतं, पण ते अजून आत उतरलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीला ती मुलाला घेऊन आली. तो जमिनीवर बसून ठोकळे लावत होता. आम्ही फाइल चाळत होतो. एक पान उलटं पडलं. मागच्या कोऱ्या बाजूवर एक लांबलचक वेडीवाकडी रेघ होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मध्ये दोन काळे गोळे.

"ही त्याची खोड," आई म्हणाली. "पुढचं गिरवायचं सोडून मागे रेघोट्या मारतो."

मला खरंच कळलं नव्हतं. मी मुलाला विचारलं, "ही रेघ कुठे चाललीय रे?"

तो ठोकळे सोडून आला. "ते गांडूळ आहे. पाऊस पडला ना, त्याच्या घरात पाणी शिरलं. मग ते वर आलं. इथे दगड लागला म्हणून वळलं. हा दुसरा दगड. मग ऊन आलं. ऊन लागलं की त्याची कातडी सुकते आणि ते मरतं. म्हणून इथे बघा, रेघ सरळ आहे. ते घाई करतंय."

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग आई हळूच म्हणाली, "गांडुळाचं पुस्तक आम्ही आठ-दहा दिवसांपूर्वी वाचलं होतं. मी विचारलं तेव्हा 'माहीत नाही' म्हणाला होता." थोड्या वेळानं तिनं मला जे विचारलं त्यात दुखावल्याचा सूर होता. "तुम्हाला सांगितलं. मला का नाही सांगितलं?"

"कारण मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं, ते या दोन वाक्यांत आहे. पुस्तक आईनंच वाचून दाखवलं. आता तीच विचारते, काय झालं? मुलाच्या लेखी या प्रश्नाला अर्थ नाही, कारण तिला उत्तर ठाऊक आहे. सांगणं ही कुणाला तरी काही देण्याची गोष्ट आहे. समोरच्याकडे ते आधीच असेल तर देण्यासारखं काय उरलं? मग उरते ती परीक्षा, आणि परीक्षेत 'माहीत नाही' हे सगळ्यात सुरक्षित उत्तर. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (1896–1934) मुलांच्या चित्राला लिखित भाषेची आधीची पायरी मानत. मी त्याच विचारानं काम करते. त्या पानाच्या मागच्या बाजूला रेघेनं सांगितलेली अख्खी गोष्ट होती. वळण होतं, अडथळा होता, कारणही होतं.

आम्ही उरलेली पानं उलटी केली. 47 पैकी 19 पानांच्या मागे काहीतरी होतं.

त्या दिवसापासून घरातला क्रम बदलला. वाचून झाल्यावर आईनं काहीच विचारायचं नाही. पुस्तक मिटायचं आणि मिनिटभर गप्प बसायचं. पुष्कळदा मूल त्याच मिनिटात बोलतं. बोललं नाही तरी हरकत नाही. तेच संध्याकाळी बाहुल्यांच्या खेळात, ठोकळ्यांच्या घरात, अंघोळीच्या वेळी बाहेर येतं. सांगायचंच असेल तर ज्यानं ऐकलं नाही अशा माणसाला: बाबांना, शेजारच्या मावशींना. 'आईनं आज काय वाचलं, सांग' असं बाबांनी म्हणायचं नाही. 'मी नव्हतो ना, मला काहीच माहीत नाही' इतकं पुरतं. मूल अडखळलं तर मनात दहापर्यंत मोजायचं. 'मग काय झालं? अजून कोण होतं?' असं टोकत राहिलं की सांगणाऱ्याचा धागा तुटतो. चूक सुधारायची नाही. गांडुळाला डोळे आहेत म्हणाला तर पुढच्या वेळी पुस्तकातलं ते पान दोघांनी पुन्हा बघायचं.

वहीसाठी कोरे, मोठे कागद. ओळींची वही कपाटात. जाड खडू घेऊन त्यांचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे केले. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, त्यामुळे बोटांच्या टोकांची पकड आपोआप येते. कधी कागद भिंतीला चिकटवायचा, उभ्यानं काढताना मनगटाला योग्य बाक मिळतो. चित्र पूर्णपणे त्याचं. ते झालं की 'याबद्दल सांगशील?' एवढंच विचारायचं. 'हे काय आहे?' असं विचारलं की मुलाला वाटतं, चित्र ओळखू आलं नाही. तो जे बोलेल त्यातलं एक वाक्य आईनं त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत, ठळक अक्षरात खाली लिहायचं. 'गांडूळ घाई करतंय' म्हणाला तर तेच. आपण त्याचं 'गांडूळ वेगाने सरपटते' केलं की वाक्य आपलं होतं आणि मुलाचा त्यातला रस जातो. बोललेलं जसंच्या तसं कागदावर उतरताना बघणं, हाच या वयातला लेखनाचा मोठा धडा.

इतकं करूनही चौथ्या भेटीत ती म्हणाली, "पण दाखवायला काही राहत नाही." इथे आजोबांचं ते वाक्य कामी आलं. त्या 47 पानांचा भार मुलगा वाहत होता, पण ती पानं मोठ्यांच्या मनाच्या समाधानासाठी होती. पालकाला पुरावा हवा असतो, त्यात गैर काही नाही. फक्त तो पालकानं लिहावा. म्हणून तिच्यासाठी वेगळी वही ठरवली: रोज तारीख आणि दोन ओळी. काय वाचलं, मुलानं आपणहून काय म्हटलं. दोन मिनिटांचं काम. महिन्याभरात त्या वहीत मुलाची प्रगती दिसू लागली, आणि गिरवलेल्या पानांतून ती कधीच दिसली नव्हती.

एक गोष्ट सांगायलाच हवी. न मागता थांबणं म्हणजे लक्ष न देणं नव्हे. पाच वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला कळत नसेल, चार-पाच शब्दांची वाक्यं येत नसतील, एकापाठोपाठ दिलेल्या दोन सूचना पाळता येत नसतील, किंवा खेळात, चित्रात, बोलण्यात, कशातच ऐकलेल्या गोष्टीचा मागमूस दिसत नसेल, तर ऐकण्याची तपासणी करून घ्यावी आणि वाचा-भाषा तज्ज्ञांना भेटावं. त्यात वेळ घालवू नये. या मुलाबाबत तशी शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

सहा पूर्ण झाल्यावर काय, हे तिनं शेवटच्या भेटीत विचारलं. दिवसाला एक नॅरेशन, तोंडी. पाच मिनिटांत वाचून होईल एवढाच भाग, तोही एकदाच वाचायचा. पुन्हा वाचणार हे कळलं की पहिल्या वेळी लक्ष लागत नाही. सुरुवातीला दोन वाक्यं आली तरी ती घ्यायची.

मग तिनं आजोबा घरी आले होते तेव्हाचं सांगितलं. त्यांनी सवयीनं वही मागितली. मुलानं आपले मोठे कागद आणून जमिनीवर पसरले. आजोबांनी चष्मा लावला, एका कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही रेघ कुठे चाललीय?" जेवायला दोघांना तीनदा हाक मारावी लागली.