आजारी, उतारवयातील मांजरीला घरी आणावे का?

प्रश्न : मी व माझे यजमान साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. दोघेही निवृत्त आहोत. एका प्राणी निवारा केंद्रातील अकरा वर्षांची मांजरी दत्तक घ्यावी असे मनात आहे. मालक वारल्यापासून ती तिथेच आहे. तिला मूत्रपिंडाचा जुना आजार असून रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) ३.१ आहे आणि दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यावे लागते, असे केंद्रातून सांगितले. पुण्याचा मुलगा म्हणतो, ‘आई, विकतचे दुखणे कशाला घेतेस?’ त्याचे बरोबर आहे का? आणि दूध-पोळीवर तिचे भागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दुखणे खरे आहे आणि ते बरे होणारे नाही, कारण मूत्रपिंडाचा झिजलेला भाग पुन्हा तयार होत नाही. उपचार करायचे ते उरलेला भाग जपण्यासाठी. प्रचलित वर्गीकरणात या आजाराचे चार टप्पे मानतात आणि क्रिएटिनिन २.९ ते ५.० हा तिसरा टप्पा असल्याने आपली मांजरी त्याच्या उंबरठ्यावर आहे. मात्र शरीरात पाणी कमी पडले असतानाही हा आकडा फुगतो, म्हणून एकाच तपासणीवर विसंबू नये. मागचे सर्व अहवाल मागून घ्यावेत आणि आकडा स्थिर आहे की चढता, ते पाहावे. आकडा स्थिर असलेल्या आणि नीट खाणाऱ्या अशा मांजरी पुढे काही वर्षेही बऱ्या राहतात. रक्तदाबाची नोंद आहे का, हेही विचारावे. या आजारात तो वाढतो आणि वेळीच न कळल्यास मांजराची दृष्टी अचानक जाते. जवळपास रक्तदाब मोजण्याची सोय नसेल, तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करून मगच जावे. वाटेतला खंबाटकी घाट ओलांडताना पिंजऱ्यात बसलेली मांजर किती रडते, हे ज्याने ऐकले आहे तो उगाच खेप घालणार नाही.

माझ्या मते प्रश्न मायेचा नाही, हाताच्या सवयीचा आहे. सलाईन ऐकायला भयंकर वाटते. माझ्या घरच्या बोक्याला मी ते देत असे तेव्हा पहिल्या दिवशी सुई माझ्याच अंगठ्यात गेली होती. बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावी, ती खिडकीच्या गजाला उंच टांगावी, मांजरीला मांडीवर टॉवेलात बसवावे, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून उचलावी आणि तयार झालेल्या खळग्यात सुई सरकवावी. आत गेलेल्या पाण्याचा मऊ फुगवटा येतो, कधी तो पुढच्या पायापर्यंत ओघळतो आणि काही तासांत जिरतो. त्याला घाबरू नये. सुई दर वेळी नवी घ्यावी. किती मिली द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे आहे, कारण हृदय अशक्त असल्यास जास्तीचे पाणी छातीत साठते. केंद्रात दोन-तीनदा जाऊन हे आपल्या हाताने करून पाहावे. आपल्याला आणि यजमानांना, दोघांनाही, ते जमले तर मला अर्धी काळजी उरणार नाही. एकालाच जमत असेल तर मात्र तो आजारी पडल्यावर काय, याचे उत्तर आधी शोधावे.

दूध-पोळीवर भागणार नाही. पोळीने पोट भरते पण मांजराला लागणारे प्रथिन मिळत नाही, आणि दुधातील फॉस्फरस याच आजारात नको असतो. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचे कमी फॉस्फरसचे खाद्य मिळते, त्यातले ओले खाद्य अधिक चांगले. बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा. नवे खाद्य तिने तोंडातच घेतले नाही, तर हट्ट न करता जुने द्यावे, कारण काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचे यकृत बिघडते आणि ते संकट मूत्रपिंडाहून तातडीचे असते. गोळी कंदी पेढ्यात दडवून देण्याचा साताऱ्याचा लाडका उपाय येथे नको.

घरातल्या दोन गोष्टींबाबत मी कडक आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, तेव्हा यजमानांच्या गोळ्या टेबलावर पडू देऊ नयेत. फुलवाल्याकडच्या गुच्छातील लिली घरात आणू नये. अंगावर पडलेले तिचे परागकण चाटले तरी धडधाकट मांजराचीही मूत्रपिंडे निकामी होतात.

वजन आठवड्याला घ्यावे. तान्ह्या बाळाचा वजनकाटा मिळाला तर उत्तम, कारण चार किलोच्या मांजरीत दोनशे ग्रॅमची घटही मोठी असते आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

केंद्राकडून एक गोष्ट लेखी घ्यावी : आपल्यापैकी कोणाची प्रकृती बिघडल्यास ते तिला परत घेतील. जमल्यास आधी महिनाभर केवळ सांभाळायला म्हणून आणावे आणि दत्तकपत्रावर सही नंतर करावी. मुलाला त्या महिन्यात एका रविवारी बोलवावे आणि सलाईनची बाटली त्याच्या हातात धरायला द्यावी.