घड्याळ काढलं, बोटं मनगटावरच

"मॅडम, रात्री झोपेतच हृदय बंद पडलं तर?"

एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) असलेली बरीच माणसं कधी ना कधी हे विचारतात. साठी ओलांडलेल्या या काकांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सीओपीडी, म्हणजे दम लागण्याचा फुफ्फुसांचा आजार, जुनाच, त्यात आठ महिन्यांपूर्वी हे निदान. मनगटावर ठोके दाखवणारं घड्याळ. बोलता बोलता नजर तिकडेच: 88, 104, 79. काकू म्हणाल्या, "हे घड्याळ बघतात आणि मी ह्यांची छाती हलतेय का ते बघते."

मी घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. पुढच्या भेटीला घड्याळ नव्हतं, पण डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं होती! माझा सल्ला तिथेच फसला.

मग आजारावरच बोललो. हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला 300 हून जास्त वेळा नुसते थरथरतात. त्यातले थोडेच इशारे खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, तेही वेळीअवेळी. म्हणून आकडा सतत बदलणारच. तो बदलला म्हणजे हृदय बंद पडायला आलं असं नाही. "काही होणार नाही" असं मात्र मी म्हटलं नाही, ते खोटं ठरलं असतं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. त्याचा धोका सुमारे पाचपट. रक्त पातळ करणारी गोळी त्यासाठीच असते.

"ती घेता ना?"

काका गप्प. दात घासताना हिरडीतून रक्त आलं, तेव्हापासून दिवसाआड. गोळी दिवसातून दोनदा घ्यायची! दम्यासारख्या त्रासात तोंडाने ओढायच्या औषधाच्या पंपाने धडधड वाढते म्हणून तोही कमी केलेला. मग दम लागायचा, दम लागला की भीती, भीतीने पुन्हा धडधड. काही पंपांनी ठोके वाढतात हे खरं, पण कुठला घ्यायचा आणि किती, हे ठरवणं ना माझं काम ना काकांचं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला. गोळी पूर्ववत सुरू झाली, हिरड्यांसाठी दाताच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आणि पंप बदलून मिळाला.

मोजणी बंद केली नाही, तिला वेळ ठरवून दिली. सकाळी आणि रात्री, पाच मिनिटं शांत बसून, पूर्ण 60 सेकंद, आकडा वहीत. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर नाडी बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. हा कागद काकूंनी फ्रिजवर लावला.

काकूंच्या जागरणाला मी काळजीचा भाग समजत होते. तिसऱ्या भेटीत त्या सहज बोलून गेल्या, "घोरता घोरता ह्यांचा श्वासच थांबतो, मग दचकून उठतात." हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. झोपेत श्वास अडण्याचा त्रास आणि हे अनियमित ठोके पुष्कळदा जोडीने असतात. डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली, तेच निघालं. आता काका रात्री श्वास मोकळा ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावतात.

घड्याळ अधूनमधून परत मनगटावर दिसतं. काकूंना मशीनची घरघर सहन होते का विचारलं, तर म्हणाल्या, "ती ऐकू येते म्हणून तर मी डोळे मिटते."