निसर्गचित्र, स्थलचित्र, भूदृश्य की देखावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका हौशी चित्रकारांच्या मंडळाला प्रदर्शनाची प्रवेशिका छापायची आहे. आलेल्या चित्रांत सिद्धेश्वर तलाव आहे, भुईकोट किल्ल्याचा तट आहे, नान्नजचा माळ आहे, मंगळवेढ्याकडचं ज्वारीचं रान आहे आणि एका गिरणीची चिमणीही आहे. या सगळ्यांना ‘निसर्गचित्र’ म्हणायचं का? कुणी ‘भूदृश्य’ सुचवतंय, कुणी ‘स्थलचित्र’, तर एका ज्येष्ठांचं म्हणणं आहे की ‘देखावा’ हा सरळ मराठी शब्द असताना बाकीचे हवेत कशाला?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. प्रवेशिकेत एकच वर्ग छापायचा असेल तर ‘स्थलचित्र’ छापा. दोन करता येत असतील तर ‘निसर्गचित्र’ आणि ‘स्थलचित्र’ असे करा. ‘भूदृश्य’ हे जमिनीचं नाव आहे, चित्राचं नव्हे. आणि ‘देखावा’ कितीही आपला वाटला तरी इथे नको.

‘देखावा’पासून सुरुवात करू. ‘देखणे’पासून आलेला हा शब्द खरोखर गोड आहे आणि डोळ्यांना दिसणारं सुंदर दृश्य हा त्याचा अर्थ जुनाच आहे. पण आज सोलापुरात ‘यंदा देखावा कसला?’ असं विचारलं तर गणपती मंडळाच्या मांडवातला हलता देखावा डोळ्यांसमोर येतो. शिवाय ‘नुसता देखावा आहे’ म्हणजे दिखाऊपणा. चित्राखाली हा शब्द छापला की दोन्ही अर्थ त्याला चिकटतात. त्याचा जोडीदार म्हणजे शाळेतला ‘सिनरी’. इंग्रजीतला हा शब्द मूळ नाटकाच्या रंगमंचावरचा, मागे लावलेल्या रंगवलेल्या दृश्यांसाठीचा. आपल्याकडेही नाटकात जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा असायचा. पुढे फोटो स्टुडिओतही तसेच पडदे आले. पडद्याचा गुण असा की तो कोणत्याही गावात, कोणत्याही नाटकाला चालतो. जागा त्यात नसतेच, आणि आपल्या प्रश्नाची गोम इथेच आहे.

इयत्ता चौथीतल्या मुलाला ‘सिनरी काढ’ म्हणा. तो दोन त्रिकोणी डोंगर काढेल, मधून उगवता सूर्य, डोंगरातून नागमोडी नदी, काठाला उतरत्या छपराचं घर, शेजारी नारळाचं झाड. सोलापूरचं मूलही हेच काढतं. आता खिडकीबाहेर बघा. क्षितिजावर त्रिकोणी डोंगर नाही, आडवी रेघ आहे. नारळाच्या जागी बाभळ, बोर, लिंब. गावातली जुनी घरं माळवदाची, म्हणजे सपाट छताची, वर पांढऱ्या मातीचा थर. या भागात पाऊस कमी, त्यामुळे उतरत्या छपराची तेवढी गरज पडली नाही, आणि जाड मातीचं छत उन्हाळ्यात घर थंड ठेवतं. त्या मुलाला घाटाखालचं एक चित्र शिकवलं गेलं आणि त्याचं नाव ‘निसर्ग’ आहे असंही सांगितलं गेलं. मग आपल्या माळाला निसर्ग म्हणायला त्याची जीभ अडखळते. शब्दाची निवड मला महत्त्वाची वाटते ती यासाठी.

‘निसर्ग’ शब्दाचं मूळही बघण्यासारखं आहे. नि + सृज्, म्हणजे सोडणे, उत्पन्न करणे. संस्कृतात त्याचा ठळक अर्थ स्वभाव, जन्मजात गुण. ‘निसर्गतः’, ‘निसर्गसिद्ध’ यांत तोच अर्थ अजून टिकून आहे. झाडं-डोंगर-नद्या हा अर्थ मराठीत नंतर रूढ झाला. त्याआधी त्या कामाला ‘सृष्टी’ होती, ‘वनश्री’ होती. आज निसर्ग म्हणजे माणसाने न केलेलं. हा अर्थ घेतला तर सिद्धेश्वर तलावाचं चित्र ‘निसर्गचित्र’ होत नाही. हा तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवला अशी परंपरा आहे. शरणांच्या, म्हणजे त्या काळच्या वीरशैव संतांच्या, विचारात श्रम म्हणजे कायक, आणि तलाव खोदणं हे त्या कायकाचंच रूप. तळ्याच्या मधोमध मंदिर, एका अंगाला किल्ल्याचा तट, काठाशी संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता सोहळा होतो तो संमती कट्टा. यातलं पाणी आणि आकाश सोडलं तर बाकी सगळ्यावर माणसाचा हात फिरलेला आहे. त्याला निसर्गचित्र म्हणणं म्हणजे ज्यांनी माती उपसली त्यांना चित्रातून पुसणं.

आणखी एक अडचण आहे. चित्रकलेच्या शिक्षणात ‘नेचर ड्रॉइंग’ नावाचा सराव असतो. समोर फांदी, पान, फूल ठेवून त्याची ठेवण, देठाचा जोड, शिरा निरखून काढायच्या. मराठीत त्यालाही निसर्गचित्रण म्हणतात. प्रवेशिकेत नुसतं ‘निसर्गचित्र’ लिहिलं की जास्वंदीच्या फांदीचं चित्रही येणार, आणि ते नाकारायला तुमच्याकडे कारण नसणार.

आता ‘स्थलचित्र’. याची कसोटी ‘व्यक्तिचित्र’ या शब्दात तयारच आहे. व्यक्तिचित्रात चेहरा नुसता सुंदर असून भागत नाही, तो त्याच माणसाचा असावा लागतो. स्थलचित्रही तसंच. ज्याने ती जागा पाहिली आहे त्याने चित्र बघून ‘हे अमुक ठिकाण’ म्हटलं पाहिजे. निसर्गचित्रावर ही अट नाही. कल्पनेतला डोंगरही तिथे चालतो. तुमच्या पाचही चित्रांना ही कसोटी लावा. तलाव, तट, चिमणी ही उघडच स्थलचित्रं. नान्नजचा माळ चित्रकाराने नान्नजचाच म्हणून काढला असेल तर तोही स्थलचित्र. नुसता ‘गवत आणि ढग’ असेल तर निसर्गचित्र.

‘स्थल’ की ‘स्थळ’? दोन्ही चालतील, पण तत्सम जोडशब्दात ‘स्थल’ बरा बसतो. स्थलांतर, स्थलकाल म्हणतो तसं. ‘स्थळचित्र’ म्हटलं की आपल्याकडे लग्नाचं स्थळ आठवतंच. सोलापुरात ‘स्थल’ शब्दाला एक वेगळं वजनही आहे. वीरशैव परंपरेतलं षट्स्थल म्हणजे भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य या सहा अवस्था. तिथे स्थल म्हणजे नकाशावरचा बिंदू नव्हे, साधक जिथे पोचला ती पायरी. चित्राशी त्याचा थेट संबंध नाही, पण या गावात हा शब्द परका नाही एवढं नक्की.

‘भूदृश्य’ सुचवणाऱ्यांची दिशा चूक नाही, फक्त खातं वेगळं आहे. इंग्रजी ‘लँडस्केप’ हा शब्द मूळ डचांचा. तिकडे त्याचा जुना अर्थ आपल्या ‘मुलूख’ शब्दाच्या जवळचा होता, म्हणजे एखादा प्रदेश. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला तो चित्रकारांचा शब्द म्हणून, आणि चित्रावरून पुढे प्रत्यक्ष जमिनीला लागला. म्हणून इंग्रजीत एकाच शब्दात चित्रही आहे आणि जमीनही. मराठीत तसं झालं नाही. माळावर उभं राहून ‘काय सुंदर निसर्गचित्र आहे’ कुणी म्हणत नाही, ‘चित्रासारखं दिसतंय’ म्हणतात. त्यामुळे ‘लँडस्केप’ला मराठीत एकच प्रतिशब्द शोधायला गेलं की घोटाळा होतो. चित्र असेल तर निसर्गचित्र किंवा स्थलचित्र, जमीन असेल तर भूदृश्य. भूगोलात ‘सांस्कृतिक भूदृश्य’ ही संज्ञा आहे. अमेरिकी भूगोलज्ञ कार्ल सॉअर यांनी १९२५ मध्ये मांडलं की मूळ भूमी हे माध्यम, संस्कृती ही घडवणारी, आणि सांस्कृतिक भूदृश्य हे त्यातून निघालेलं फळ. युनेस्कोने १९९२ पासून जागतिक वारशात अशा भूदृश्यांचा वेगळा प्रकार मानला. सिद्धेश्वर तलाव, तट आणि गावाभोवतीच्या अडुसष्ट शिवलिंगांची प्रदक्षिणा मिळून जे होतं, त्याला सांस्कृतिक भूदृश्य हा शब्द नेमका बसतो. त्याचं चित्र मात्र स्थलचित्रच.

राजकारणाच्या बातमीत कुणी ‘राजकीय भूदृश्य बदललं’ लिहितं, ते तर निव्वळ शब्दाला शब्द आहे. मराठीत ‘राजकीय चित्र पालटलं’ हे पूर्वीपासून आहे. आणि संगणकावर कागदाच्या बाबतीत ‘लँडस्केप’ म्हणजे आडवा, ‘पोर्ट्रेट’ म्हणजे उभा. छपाईच्या दुकानात हेच शब्द आहेत, तेच वापरा.

वर्गवारीपेक्षा शीर्षकात जास्त काम आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. इथल्या जमिनीला इथल्या लोकांनी बारकाईने नावं दिली आहेत. चित्राला नाव देताना ती वापरा.

‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही जोडी आधी घ्या. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसलं ती जागा. चित्रकाराला हे दोन रंगही मिळतात आणि दोन अर्थही. ‘शिवार’ म्हणजे गावाच्या हद्दीतली सगळी शेतं मिळून. एकाच शेताच्या चित्राला ‘शिवार’ नाव देऊ नका, तिथे ‘रान’ किंवा ‘शेत’. ‘बरड’ म्हणजे पातळ मातीची, मुरमाड, कमी पिकणारी जमीन. ‘पडीक’ म्हणजे कधीतरी कसलेली आणि मग सोडून दिलेली. ‘माळ’ म्हणजे उंचवट्यावरची उघडी, गवताळ, खडकाळ जमीन. नान्नजच्या चित्राखाली ‘पडीक रान’ लिहिलेलं चालणार नाही. तो माळ आहे. १९७९ मध्ये तिथे माळढोक अभयारण्य झालं, आणि पक्ष्याच्या नावातच ‘माळ’ आहे. त्याला हेच उघडं गवत लागतं, दाट झाडी नव्हे. माळ म्हणजे ओसाड असं समजून तिथे झाडं लावणं हे त्या पक्ष्याच्या मुळावर येतं. शब्द चुकला की जमिनीकडे बघण्याची नजर चुकते, ती अशी.

ऋतूचंही तसंच. ‘हिरवागार पावसाळा’ हे शीर्षक मंगळवेढ्याच्या काळ्या रानाला लावायच्या आधी महिना तपासा. तिथलं मुख्य पीक रब्बी ज्वारी. पेरणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, तीही जमिनीत मुरलेल्या ओलीवर. त्यामुळे ऐन पावसाळ्यात बरंच रान नांगरून काळं मोकळं असतं आणि हिरवं होतं ते मार्गशीर्ष-पौषात. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात जेवायला जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण चित्राखाली ‘श्रावण’ आणि चित्रात कणसाला आलेली ज्वारी असेल तर गावाकडून आलेला पाहुणा तिथेच थांबून मान हलवेल.

रंगाची एक चूकही शब्दातूनच येते. पुस्तकं सांगतात, दूरचं निळसर होत जातं. हवा स्वच्छ असेल तेव्हा ते खरं. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या हवेत धूळ असते. धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून क्षितिज निळं न होता फिकट, मळकट पांढरं, किंचित पिवळसर दिसतं. तिथे निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिला की चित्र सह्याद्रीचं होतं आणि शीर्षक सोलापूरचं राहतं. याच उन्हात जलरंगाचा वॉश कागदावर पसरायच्या आधी वाळतो आणि कड उमटते. ती टाळायला कागद जाड घ्यावा (३०० जीएसएम), दोन्ही बाजूंनी भिजवावा आणि सकाळी नऊच्या आत आकाश उरकावं. ‘धुळकट’, ‘रखरखीत’, ‘टळटळीत’ हे शब्द मात्र सांभाळून. टळटळीत दुपारच असते. लांब सावल्या दाखवून ‘टळटळीत ऊन’ लिहू नका.

तलावाच्या चित्रांबद्दल एक सुचवणं. या गावात त्याच पाण्याला मराठीत तळं, कन्नडमध्ये केरे, तेलुगूत चेरुवु म्हणतात, आणि उर्दूत असं दृश्य म्हणजे मंज़र. चित्रकाराच्या घरात जो शब्द असेल तो देवनागरीत शीर्षक म्हणून येऊ द्या आणि खाली मराठी द्या. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ पुन्हा पुन्हा रंगवले, म्हणून ती तळी चित्रांतूनही ओळखीची झाली. सोलापूरच्या तळ्यालाही असं नावानिशी येऊ द्या, ‘जलाशय’ म्हणून नको. हिप्परगा आणि कंबर तलाव यांनाही तोच न्याय.

चित्राखालची चिठ्ठी अशी लिहा :

माळ, नान्नज
मार्च, सकाळ
जलरंग, कागद
२८ × ३८ सेंमी

मापात आधी उंची, मग रुंदी. चित्रांच्या नोंदीत हीच रीत आहे. फ्रेमवाले पुष्कळदा मोठी बाजू आधी सांगतात, म्हणून ३८ × २८ असं लिहून येतं आणि टांगणाऱ्याला वाटतं चित्र उभं आहे. मग हुक चुकीच्या बाजूला बसतो. प्रवेशिकेत ‘उंची’ आणि ‘रुंदी’ असे दोन वेगळे रकाने छापा. ‘वर्ग’ या रकान्याशेजारी ‘ठिकाण’ असाही एक रकाना ठेवा. तो ज्याला भरता येईल त्याचं स्थलचित्र, ज्याचा कोरा राहील त्याचं निसर्गचित्र. वर्ग ठरवायला परीक्षकांना वेगळी बैठक लागणार नाही.