झोपेच्या गमीतलं सीबीएन म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: माझी लेक न्यू जर्सीत असते. मला रात्री दोन-तीनदा जाग येते म्हणून ती म्हणतेय, आई, येताना सीबीएनच्या गमी (चघळायच्या गोड गोळ्या) आणते, हेम्पच्या आहेत, नशा वगैरे काही येत नाही. सीबीडी ऐकून होते, हे नवीन काय काढलंय? मला रक्त पातळ करायची वॉरफेरिनची गोळी चालू आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, नवीन कसलं, हे तर गांजाच्या घटकांमधलं सगळ्यात आधी सापडलेलं! 1890 च्या दशकात केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांनी भारतातल्या चरसातून ते काढलं, आणि ज्याने नशा चढते त्या टीएचसीची रचना कळायला मात्र 1964 उजाडलं. गंमत म्हणजे झाड स्वतः सीबीएन जवळजवळ बनवतच नाही, माल जुना झाला, हवा लागली, उजेड लागला की टीएचसीचंच हळूहळू सीबीएन होतं. आता हेम्प म्हणजे गांजाचंच झाड, पण नशेचा घटक नावापुरता असलेलं, आणि अमेरिकेत हेम्प कशाला म्हणायचं तर 2018 च्या कायद्याप्रमाणे 0.3 टक्क्यांच्या वर टीएचसी नको, मग त्यातून सीबीएन येणार तरी किती, म्हणून बाजारातलं बरंचसं सीबीएन कारखान्यात सीबीडीवर, म्हणजे त्याच झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकावर, प्रक्रिया करून केलेलं असतं. डब्यावर हिरवं पान छापलं की आपल्याला वाटतं झाडपाल्याचं औषध आहे, चालतंय.

झोपेचं म्हणाल तर जुना गांजा ओढला की गुंगी येते ही ऐकीव गोष्ट, त्यावर सगळी जाहिरात उभी आहे. 1975 मध्ये मोजक्या पुरुषांवर प्रयोग झाला, त्यात टीएचसीच्या जोडीला सीबीएन दिलं तेव्हा गुंगी वाढली, नुसत्या सीबीएनने तसं काही झालं नाही. 2023 च्या एका अभ्यासात 20 मिलिग्रॅमने रात्रीची जाग थोडी कमी झाली असं लोकांनी सांगितलं पण झोप काही लवकर लागली नाही. म्हणजे अगदीच थोतांड नाही, पण जेवढा गाजावाजा आहे तेवढा दमही नाही.

तुमच्या बाबतीत माझं उत्तर सरळ नको असंच आहे. बऱ्याच गमीत सीबीएनबरोबर सीबीडी पण असतं आणि सीबीडीमुळे वॉरफेरिन शरीरात साचतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) वर जातो, हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर काळे-निळे डाग असले प्रकार सुरू होतात. शिवाय अशा गमीत टीएचसी सापडलं तर आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे, विमानतळावर कस्टमवाल्यांना "हेम्प आहे हो" सांगून भागत नाही, लेकीला उगाच झेंगट नको. दोन-तीनदा जाग लघवीला जायला येते का ते आधी बघा, शुगर तपासा, घोरत असाल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न: मग ऑनलाइन हेम्प सीड ऑइल मिळतं त्यात हे असतं का? – पुणे

उत्तर: नाही हो, नावापुरतंच. बियांमध्ये हे घटक जवळजवळ नसतातच. बी, बियांचं तेल आणि पीठ खायला एफएसएसएआयने (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने) 2021 मध्ये परवानगी दिलीये, उत्तराखंडात तर भांगेच्या बियांची चटणी घरोघरी करतात, बी भाजून, लिंबू-मिरची घालून वाटायची, छान लागते. खायचं म्हणून खा, झोपेसाठी म्हणून पैसे घालवू नका. आणि "विजया" (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) नावाने आयुर्वेदिक अर्क मिळतात ते वेगळे, ते पानांचे असतात, वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाहीत.